धसकटातले तणनाशक

एका वनस्पतीने मुळांतून, पानांतून किंवा कुजणाऱ्या अवशेषांतून बाहेर टाकलेल्या रासायनिक द्रव्यांमुळे शेजारच्या अथवा मागाहून त्याच जागी उगवणाऱ्या दुसऱ्या वनस्पतीच्या वाढीवर जो परिणाम होतो, त्याला वनस्पतिशास्त्रात ‘अ‍ॅलेलोपॅथी’ म्हणतात. ही संज्ञा ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९३७ मध्ये प्रचारात आणली आणि अमेरिकेतील एलरॉय राइस यांचा या विषयावरील ग्रंथ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर शेतीच्या संशोधनात तिला हक्काची जागा मिळाली. घटना मात्र शेतकऱ्यांच्या नित्य पाहण्यातली होती. खरिपाची ज्वारी काढलेल्या रानात लगेच गहू पेरला तर तो सुरुवातीला मार खातो, आणि दाट पेरलेले कडवळ, म्हणजे वैरणीची ज्वारी, कापून नेल्यावर त्या तुकड्यात तण कमी दिसते, या दोन गोष्टी ज्वारीच्या पट्ट्यात कोणाला शिकवाव्या लागत नाहीत. पिकाची ही अंगची रसायने तृणधान्यांतील तण आवरण्यासाठी हेतुपुरस्सर वापरता येतील काय, हा प्रश्न गेली चार-पाच दशके जगभर विचारला जात आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्याचे काम प्रत्यक्ष शेतावर करणाऱ्यांना जे अनुभव येतात ते प्रयोगशाळेतील निष्कर्षांहून बरेच वेगळे असतात.

अशा कामात असणाऱ्याची गाठ साधारणतः दोन प्रकारच्या माणसांशी पडते. पहिल्या प्रकारच्या माणसाला तणनाशकाच्या बाटलीऐवजी घरच्या घरी उकळलेला काढा हवा असतो आणि तो काढा बाटलीइतकाच चालावा अशी त्याची अपेक्षा असते. दुसऱ्याच्या मते ही सगळी पुस्तकी करमणूक असून खुरपे आणि कोळपे यांवाचून तण जात नाही. दोघांचेही पूर्ण समाधान करता येत नाही. पहिल्याला निराश करणे अधिक जड जाते, कारण त्याच्या मागणीमागे खुरपणीला मजूर न मिळण्याची, मिळालेच तर एका खुरपणीत पिकाचा नफा निघून जाण्याची खरी अडचण असते.

या विषयात ज्वारीइतके कसून तपासले गेलेले दुसरे तृणधान्य क्वचितच सापडेल. ज्वारीचे बी ओलसर गाळणकागदावर अंधारात रुजवून आठवडाभराने तिचे मूळ साध्या भिंगाखाली धरले, तर मुळावरच्या बारीक केसांच्या, म्हणजे मूलरोमांच्या, टोकांशी पिवळसर सोनेरी रंगाचे तेलकट थेंब लटकलेले दिसतात. या थेंबांतील मुख्य द्रव्य म्हणजे सॉर्गोलिओन. १९८६ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात नेट्झली आणि बटलर यांनी ते वेगळे काढून ओळखले. हे थेंब पाहण्यासाठी बी रुजवताना कागद नुसता दमट ठेवावा लागतो. नवशिक्याच्या हातून हमखास पाणी जास्त होते, गच्च ओल्या कागदावर मूलरोमच नीट धरत नाहीत, आणि मग थेंब न दिसल्यामुळे वाणात दोष असल्याचा समज होतो. वनस्पती प्रकाशसंश्लेषण करताना सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेने इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे सरकवते, आणि या साखळीच्या ज्या दुव्यावर अ‍ॅट्राझिन हे ज्वारी-मक्यात वापरले जाणारे तणनाशक अडथळा आणते, त्याच दुव्यावर सॉर्गोलिओनही बसते. कारखान्यात बनलेल्या आणि मुळात बनलेल्या रेणूंनी एकच जागा हेरावी, हा योगायोग चकित करणारा आहे. त्यामुळे ‘नैसर्गिक’ आणि ‘रासायनिक’ अशी जी ढोबळ विभागणी सभा-मेळाव्यांत ऐकू येते तिला फारसा अर्थ उरत नाही.

सॉर्गोलिओनचा स्वभाव मात्र तेलाचा आहे, पाण्याचा नाही. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मुळाभोवतीच्या मातीला चिकटून राहते आणि मुळापासून फार लांब जात नाही. ज्वारीची ताटे पाण्यात भिजवून जो अर्क काढला जातो त्याचा प्रभाव मुख्यतः वेगळ्याच द्रव्यांचा असतो, ती म्हणजे फेरुलिक, पॅरा-कुमॅरिक, व्हॅनिलिक यांसारखी पाण्यात उतरणारी फिनॉलिक आम्ले. तिसरे द्रव्य ढुरिन. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते ते याच्यामुळे. ढुरिन फुटले की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटते आणि मागे एक फिनॉलिक द्रव्य उरते. ताट जसजसे जून होते तसतसे ढुरिनचे प्रमाण घटते, म्हणून पोटरीतल्या ज्वारीचा अर्क आणि पक्व ताटांचा अर्क यांना एकाच नावाने ओळखणे चूक ठरते. माहितीपत्रकांतून ‘ज्वारीच्या अर्कातील सॉर्गोलिओनमुळे तण मरते’ असे सरसकट लिहिलेले असते, त्यात मूळ आणि ताट यांची सरमिसळ झालेली असते, आणि या सरमिसळीचा व्यावहारिक परिणाम असा की ज्याचा उपयोग मुळे जमिनीत ठेवून होणार आहे त्याच्यासाठी लोक कढई चढवतात.

अर्काचे सर्वांत चिकाटीचे काम पाकिस्तानातील फैसलाबाद येथील कृषी विद्यापीठात जाहिद अता चीमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांच्या अर्काला ‘सॉर्गाब’ असे नाव पडले. पक्व ज्वारीची ताटे वाळवून त्यांचे साधारण दोन सेंटिमीटरचे तुकडे करायचे, एक भाग कुट्टीला दहा भाग पाणी या प्रमाणात २४ तास भिजत ठेवायचे, गाळून घ्यायचे आणि उकळून मूळ आकारमानाच्या विसाव्या भागापर्यंत आटवायचे, अशी ही कृती आहे. गव्हाच्या पिकात फवारल्यावर गुल्ली दंडा आणि चाकवत यांसारख्या तणांचे वजन साधारण एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत घटल्याचे आणि उत्पादनात माफक वाढ झाल्याचे त्यांच्या प्रयोगांतून पुढे आले. पुढे सूर्यफूल आणि मोहरीवर्गीय पिकांचे अर्क त्यात मिसळून पाहण्यात आले, तसेच अर्काबरोबर शिफारशीपेक्षा कमी मात्रेत तणनाशक देऊन खर्च वाचवण्याचेही प्रयोग झाले.

ही कृती कागदावर जितकी सोपी वाटते तितकी ती हाताला सोपी नाही. कुट्टी भिजवलेल्या पाण्याला पहिल्या दिवशी उसाच्या पाचटासारखा गोडसर वास येतो, पण उन्हाळ्यात त्याच पिंपावर दुसऱ्या दिवशी फेस धरतो आणि आंबूस दर्प सुटतो. म्हणजे गाळण्यात थोडा उशीर झाला तरी आपण ज्वारीचा अर्क फवारत आहोत की आंबवणीचे पाणी, हे सांगता येत नाही. कापडातून गाळलेला अर्क पंपाच्या नोझलमध्ये अडकतो, म्हणून तो पुन्हा बारीक कापडातून काढावा लागतो. परंतु खरी गोम आटवण्यात आहे. हेक्टरी १२ लिटर आटवलेला अर्क धरला, तर त्यासाठी २४० लिटर पाण्यात २४ किलो कुट्टी भिजवावी लागते आणि त्यातले २२८ लिटर पाणी वाफ करून उडवावे लागते. पाणी तापवण्याची आणि त्याची वाफ करण्याची उष्णता हिशेबात घेतली, तर ही ऊर्जा साधारण ५९० मेगाज्यूल भरते. एक किलो वाळल्या लाकडातून सुमारे १५ मेगाज्यूल मिळतात आणि साध्या चुलीवर त्यातला जेमतेम सातवा हिस्सा भांड्याला लागतो, हे लक्षात घेता एका हेक्टराच्या एका फवारणीसाठी अडीचशे किलोहून अधिक सरपण जाळावे लागते. पर्यावरणाच्या नावाने सुचवलेल्या उपायाची ही किंमत शोधनिबंधांच्या तक्त्यांत सहसा दिसत नाही, कारण प्रयोगशाळेत विजेची शेगडी असते आणि प्रयोगाचा वाफा काही चौरस मीटरचा असतो. न आटवता दहापट पाण्यातला अर्कच फवारावा असे कोणी सुचवतो, पण मग तितकीच द्रव्ये रानात पोहोचवायला एका हेक्टराला २४० लिटर गाळलेला अर्क लागतो आणि तो फवारणीच्या दिवशीच ताजा तयार असावा लागतो.

काचेच्या बशीत गाळणकागदावर बी ठेवून त्यावर अर्क टाकण्याची चाचणी हा या विषयाचा पहिला धडा समजला जातो, आणि तोच बहुतेकांना फसवतो. कडुनिंब, निलगिरी, गाजर गवत, कांद्याची पात, ज्याचा म्हणून दाट अर्क काढावा त्याने लेट्यूसचे किंवा मुळ्याचे बी रोखले जाते, मुळाची टोके तपकिरी पडतात आणि मिलिमीटरमध्ये मोजलेली लांबी सुंदर आलेखात बसते. त्यातला मोठा भाग विषारीपणाचा नसून नुसत्या दाटपणाचा असतो. अर्कात विरघळलेल्या साखरा आणि क्षार यांमुळे बियाला पाणी ओढून घेणेच अवघड जाते. म्हणून तितक्याच दाटीचे मॅनिटॉल या साखरेसारख्या निरुपद्रवी द्रव्याचे द्रावण शेजारच्या बशीत ठेवून तुलना केल्याशिवाय त्या आलेखावर विश्वास ठेवता येत नाही, आणि ही तुलना केलेले निबंध अजूनही अल्पसंख्य आहेत. दुसरी गोष्ट अशी की तोच अर्क फार पातळ केला की उगवण रोखण्याऐवजी वाढीला चालना देतो. बशीत ही गोष्ट कुतूहलाची असते. शेतात मात्र कमी पडलेल्या किंवा पावसाने धुतलेल्या फवारणीचा अर्थ तणाला टॉनिक दिल्यासारखा होऊ शकतो.

माती आली की सगळे गणित बदलते. फिनॉलिक आम्ले मातीतील जीवाणूंचे आवडते खाद्य असून उबदार, ओलसर जमिनीत ती काही दिवसांतच खाऊन संपतात. शिवाय दख्खनच्या काळ्या, चिकणमातीच्या जमिनीचे कण मोठ्या प्रमाणात सेंद्रिय रेणू स्वतःवर धरून ठेवतात. त्यामुळे वाळूच्या कुंडीत ठसठशीत दिसणारा परिणाम काळ्या रानात पुसट होतो, आणि हलक्या, मुरमाड रानात तोच परिणाम पिकावरही उठतो. एका गावातल्या दोन शेतांचे निकाल जुळले नाहीत की प्रयोग फसला असे मानण्याची घाई होते. मातीचा पोत न विचारता शिफारस देणे हीच इथली पहिली चूक असते.

फवारणी बाजूला ठेवून अवशेषांकडे वळले, की या रसायनांच्या निवडकपणाचे कारण समजते. ज्वारीची धसकटे आणि मुळे वरच्या थरात कुजत असताना सुटणारी द्रव्ये पहिल्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये सर्वाधिक असतात. माठ, घोळ, चाकवत यांचे बी खसखशीइतके बारीक असून त्यांना उगवायचे असते ते याच थरातून, आणि बियात साठवलेले अन्न इतके थोडे असते की मुळाला दोन दिवसांचा अडथळाही त्यांना पुरतो. गव्हाचा दाणा त्यांच्या कितीतरी पट वजनाचा, पाच सेंटिमीटर खोल पेरलेला, त्यामुळे त्याचे मूळ विषारी थराच्या खाली वाढते. म्हणजे निवडकपणा रेणूत कमी आणि बियाच्या आकारात व पेरणीच्या खोलीत अधिक आहे. हे एकदा ध्यानात आले की उथळ फोकून पेरलेल्या गव्हात हा उपाय का अंगाशी येतो, आणि गाठींवर जगणारा लव्हाळा किंवा कांड्यांवर पसरणारी हराळी त्याला का दाद देत नाहीत, हे वेगळे सांगावे लागत नाही. ज्या रानात लव्हाळा आहे त्या रानमालकाला धसकटांवर विसंबून राहण्याचा सल्ला देणे म्हणजे त्याची फसवणूक आहे.

ज्वारीच्या मागे पेरलेले पीक पिवळे पडले की दोष चटकन मुळांतल्या विषाला दिला जातो, आणि इथे अनुभवी माणूसही चकतो. धसकटांत कर्ब भरपूर आणि नत्र फार थोडे असते. ती कुजवणारे जीवाणू स्वतःच्या वाढीसाठी जमिनीतला नत्र उचलतात आणि कोवळ्या पिकाला तो काही आठवडे कमी पडतो. त्यातच ज्वारीची खोल मुळे जमिनीतील ओल संपवून गेलेली असतात. हे तीन परिणाम, म्हणजे विष, नत्राची ओढ आणि ओलीची तूट, बाहेरून सारखेच दिसतात. त्यांना वेगळे करण्याचा साधा मार्ग असा की, पिवळ्या पडलेल्या पट्ट्यात एका तुकड्याला वाढीव युरिया आणि दुसऱ्याला संरक्षित पाणी द्यावे. युरियाने पीक हिरवे झाले तर दोष अ‍ॅलेलोपॅथीचा नव्हता, पाण्याने सावरले तर ओलीचा होता, आणि दोन्ही देऊनही मुळे आखूड व तपकिरी राहिली तरच विषाचा संशय धरावा. बहुतेक ठिकाणी युरियाच उत्तर देतो.

अर्क आणि कमी मात्रेतील तणनाशक यांच्या जोडीविषयी थोडे सावधपणे बोलणे भाग आहे. निम्म्या मात्रेत तितकेच नियंत्रण मिळते हा निष्कर्ष मोहक आहे, पण भारतीय गव्हाच्या पट्ट्यातील आठवण ताजी आहे. हरियाणा आणि पंजाबात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गुल्ली दंड्याने आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद देणे थांबवले, आणि काही शेतकऱ्यांवर हिरवा गहू कापून वैरणीला देण्याची पाळी आली. ऑस्ट्रेलियात राय गवतावर झालेल्या कामातून २००५ मध्ये असे दिसून आले की कमी मात्रेच्या फवारणीतून वाचलेल्या रोपांची संतती थोड्याच पिढ्यांत प्रतिकारक्षम होते, कारण अर्धवट विषातून सुटलेल्या रोपांतील लहानसहान प्रतिकारगुण परागीभवनातून एकत्र येत जातात. अर्क जर तणाला खरोखरच निम्मे मारत असेल तर गोष्ट वेगळी. पण मातीगणिक आणि पावसागणिक बदलणाऱ्या अर्काच्या भरवशावर खात्रीच्या औषधाची मात्रा कायमची अर्धी करणे हा जुगार आहे, आणि त्याची शिफारस विस्तार कार्यकर्त्याने करू नये.

वनस्पतींच्या रसायनांनी तृणधान्यांतील तणनियंत्रणाला दिलेले सर्वांत मोठे देणे खेड्यातल्या कढईतून आलेले नाही, हेही मान्य करावे लागते. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील एका रसायन कंपनीच्या संशोधन केंद्रावर बाटलीच्या ब्रशासारखी लाल फुले येणाऱ्या कॅलिस्टेमॉन झुडपाखाली तण फारसे उगवत नसल्याचे एका संशोधकाच्या लक्षात आले. आपल्याकडे बंगल्यांच्या आणि शाळांच्या आवारात दिसणारे ‘बॉटल ब्रश’ ते हेच. त्याखालच्या मातीतून लेप्टोस्पर्मोन हे द्रव्य मिळाले, पण प्रभावी ठरण्यासाठी ते फार मोठ्या मात्रेत द्यावे लागे. त्याच्या रचनेत फेरफार करत करत मेसोट्रायोन हे मक्यातील तणनाशक तयार झाले आणि २००१ च्या सुमारास बाजारात आले. या कुळातील द्रव्ये एचपीपीडी नावाचे विकर, म्हणजे पेशीतील क्रिया घडवून आणणारे एक प्रथिन, बंद पाडतात. त्यामुळे हरितद्रव्याला उन्हापासून वाचवणारी पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये तयार होत नाहीत आणि पान पांढरे पडते. महाराष्ट्रात मका उत्पादकांच्या हाती असलेले टेम्बोट्रायोन याच कुळातले. फवारणीनंतर काही दिवसांनी मक्याच्या ओळींमध्ये तणे चुना लावल्यासारखी पांढरी दिसू लागतात ती याच कारणाने, पण त्या पांढरेपणाचा उगम शाळेच्या आवारातल्या लाल फुलांच्या झुडपात आहे हे विक्रेत्यालाही सहसा ठाऊक नसते. अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात २०१० च्या सुमारास माठाच्या कुळातील तणांनी याही कुळाला प्रतिकार दाखवला. निलगिरी आणि तत्सम तेलांतील सिनिओल या द्रव्याच्या रचनेवरून १९८० च्या दशकात तयार झालेले सिनमेथिलिन मध्यंतरी मागे पडले होते. जुन्या औषधांना दाद न देणाऱ्या राय गवतासाठी ऑस्ट्रेलियातील गव्हात ते नव्याने आणण्यात आले.

भातात वेगळाच मार्ग निवडला गेला, तो म्हणजे हा गुण वाणातच शोधण्याचा. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात स्टटगार्ट येथे रॉबर्ट डिल्डे यांना १९८० च्या दशकात भाताच्या काही वाणांच्या चुडाभोवती तणाविना मोकळी राहिलेली वर्तुळे दिसली, आणि त्यावरून त्यांनी हजारो वाण चाळून काढले. भाताच्या मुळांतून सुटणारी मोमिलॅक्टोन ही द्रव्ये मुळात १९७३ मध्ये जपानात भाताच्या तुसातून वेगळी केली गेली होती. त्यांचे तणांवरील कार्य पुढे उलगडले. चीनमध्ये या गुणासाठी मुद्दाम पैदास केलेला ‘हुआगान-३’ हा वाण शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला. वाणाचा मार्ग सावकाश आहे, पण त्यात सरपण जळत नाही, पंप उचलावा लागत नाही, आणि द्रव्य जिथे हवे तिथे, मुळाशी, रोज ताजे सोडले जाते.

मुळांतून द्रव्ये सोडणे पिकाला नेहमीच लाभते असेही नाही. ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला, म्हणजे स्ट्रायगा, हे परजीवी तण आपले धुळीसारखे बारीक बी जमिनीत वर्षानुवर्षे निजवून ठेवते आणि ज्वारीच्या मुळांतून सुटणाऱ्या स्ट्रायगोलॅक्टोन या द्रव्यांची चाहूल लागली की रुजते. ज्वारी ही द्रव्ये सोडते ती जमिनीतील उपकारक बुरशीला मुळाशी बोलावण्यासाठी. टारफुला त्या हाकेचा गैरफायदा घेतो. गेबिसा एजेटा यांनी या द्रव्यांचा स्राव कमी असलेल्या ज्वारीचे वाण तयार केले, आणि त्यांना २००९ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले. केनियात व्हिक्टोरिया सरोवराकाठी झेयाउर खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्यात डेस्मोडियम हे द्विदल आंतरपीक घेतले. त्याच्या मुळांतील द्रव्यांच्या प्रभावाने टारफुल्याचे बी रुजते पण त्याचे मूळ मक्याच्या मुळाला जोडले जात नाही, आणि ते उपाशी मरते. शिवाय डेस्मोडियम जनावरांना वैरण म्हणून मिळते. तृणधान्यांतील तणांवर वनस्पतींची रसायने वापरण्याच्या साऱ्या प्रयत्नांत शेतकऱ्याने उचलून धरलेला आणि टिकवलेला मार्ग कोणता, असे विचारले तर बोट याच आंतरपिकाकडे दाखवावे लागेल, आणि त्याचे श्रेय रसायनाइतकेच वैरणीलाही द्यावे लागेल.

वैरणीचा हा मुद्दा महाराष्ट्रात सर्वांत अडतो. शोधनिबंध हेक्टरी काही टन ज्वारीची ताटे रानात गाडा किंवा आच्छादन म्हणून पसरा असे सांगतात, पण सोलापूर, मंगळवेढा, जत किंवा बीडकडच्या शेतकऱ्याच्या लेखी ती ताटे कडबा आहेत. मालदांडी ज्वारीची लागवड जितकी दाण्यासाठी होते तितकीच कडब्यासाठी होते, आणि दुष्काळी सालात पेंढीचा भाव दाण्याच्या तोडीस जातो. तिथे कडबा तणांवर पसरा असे सांगणाऱ्याला कोणी चहासुद्धा विचारणार नाही. उरतात ती धसकटे आणि मुळे. तीही वेचून बांधावर किंवा चुलीत नेण्याची रीत आहे. खरिपाच्या ज्वारीनंतर नांगरट आणि वखरणीच्या वेळी ती पूर्ण न वेचता निदान काही भाग वरच्या थरात राहू द्यावा, मध्ये एखादा पाऊस किंवा पाणी पडू द्यावे, दोन-तीन आठवडे थांबावे आणि मग पाभरीने गहू किंवा हरभरा योग्य खोलीवर पेरावा, पेरताना नत्राचा पहिला हप्ता थोडा वाढवावा, एवढीच आजच्या माहितीवर उभी राहणारी शिफारस आहे. तिला जोड म्हणून, ज्या तुकड्यात बारीक बियांच्या तणांचा त्रास फार आहे तिथे एका हंगामात दाट कडवळ घेणे सर्वांत स्वस्त पडते. कडवळ तण दाबते ते किती सावलीने आणि किती मुळांतल्या द्रव्याने, हे वेगळे करण्याच्या खटपटीत शेतकऱ्याने पडण्याचे कारण नाही, कारण दोन्ही त्याला फुकट मिळतात आणि वर वैरण मिळते.

या सगळ्यात एक धोक्याची सूचना वारंवार द्यावी लागते. पुण्यात १९५० च्या दशकाच्या मध्यास प्रथम नजरेस आलेल्या गाजर गवताचाच अर्क करून तण मारावे, म्हणजे काट्याने काटा निघेल, अशी कल्पना दर काही वर्षांनी कोणाला तरी सुचते. त्यातील पार्थेनिन उगवण रोखते हे खरे, पण तेच पार्थेनिन माणसाच्या कातडीवर चट्टे उठवते आणि एकदा जडलेले वावडे वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही. हात घालून कुट्टी भिजवणाऱ्या बाईला हातमोजे कोण देणार, याचा विचार त्या कृतीत नसतो.

तेव्हा ज्यांना आपल्या रानात हा प्रयोग करून पाहायचा असेल त्यांनी तो जरूर करावा, परंतु सगळे रान एकदम त्यात घालू नये. गुंठ्या-दोन गुंठ्यांचे चार पट्टे आखावेत: एकात धसकटे ठेवावीत, दुसऱ्यातली पूर्ण वेचावीत, तिसऱ्यात धसकटे ठेवून युरियाचा जादा हप्ता द्यावा आणि चौथा खुरपून स्वच्छ ठेवावा. पेरणीनंतर महिन्याने प्रत्येक पट्ट्यातल्या एक चौरस मीटर जागेतील तण उपटून, वाळवून, तागडीत तोलावे आणि आकडा वहीत लिहावा, कारण नुसत्या नजरेने केलेली तुलना प्रयोग करणाऱ्याच्या आशेकडे झुकते. पिकाचे उत्पादनही पट्ट्यागणिक वेगळे मोजावे. लव्हाळा आणि हराळी असलेला तुकडा यासाठी निवडू नये, आणि पुढच्या हंगामात त्याच पट्ट्यांत जे पीक येईल त्याचीही उगवण मोजून ठेवावी.